पीक फेरपालट आणि शेतीचे अर्थकारण : इंग्लंडमधील अनुभवाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

आधीच्या पिकाचा पुढील पिकावर होणारा परिणाम महाराष्ट्रातील शेतकरी ‘बेवड’ या एका शब्दात सांगतो. या पारंपरिक अनुभवाला दीर्घकालीन मोजमापाची जोड एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील रॉदमस्टेड येथे मिळाली. इंग्लंडमधील पीकक्रमांची तुलना करून, फेरपालटीचे यश केवळ जमिनीच्या सुपीकतेवर नव्हे, तर पशुधन, भाडेकरार व बाजारभाव यांवरही अवलंबून होते, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

त्रिक्षेत्र पद्धती व नॉरफोक पद्धती

मध्ययुगीन त्रिक्षेत्र पद्धतीत एक भाग हिवाळी धान्याखाली, दुसरा वसंत ऋतूतील पिकाखाली व तिसरा पड ठेवला जाई. म्हणजे दरवर्षी एकतृतीयांश जमीन उत्पन्नाविना राही. नॉरफोक पद्धतीत गहू, सलगम, जव व क्लोव्हर असा चार वर्षांचा क्रम होता. यात पड जमीन नव्हती. परंतु धान्याखालील क्षेत्र दोनतृतीयांशावरून निम्म्यावर आले. ही घट शेणखताने भरून निघे. सलगम व क्लोव्हर यांवर जनावरे पोसली जात, त्यांचे खत शेतात येई आणि सलगमाच्या ओळींतील खुरपणीने तणांचाही बंदोबस्त होई.

या बदलाचे श्रेय दीर्घकाळ लॉर्ड टाउनशेंड (१६७४–१७३८) यांना दिले गेले. तथापि नॉरफोकमध्ये सलगमाची लागवड सतराव्या शतकातच होत होती. मार्क ओव्हर्टन यांनी १९९६ च्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे संपूर्ण चतुर्वर्षीय क्रमाचा व्यापक प्रसार बराच उशिरा झाला. दीर्घ मुदतीचे भाडेकरार या प्रसारास पोषक ठरले. आज घातलेल्या खताचे फळ आपल्यालाच मिळेल, याची शाश्वती असल्याखेरीज कूळ जमिनीत पैसा घालणार नव्हते.

रॉदमस्टेड येथील प्रयोग

जॉन बेनेट लॉज व जोसेफ हेन्री गिल्बर्ट यांनी १८४३ मध्ये ब्रॉडबाल्क शेतात सलग गव्हाचा, तर १८४८ मध्ये अॅग्डेल शेतात चतुर्वर्षीय फेरपालटीचा प्रयोग सुरू केला. अॅग्डेलमध्ये तिसऱ्या वर्षी एका भागात द्विदल पीक घेतले जाई, तर दुसरा भाग पड ठेवला जाई. खत फक्त मूळपिकास दिले जाई. बिनखताच्या भागात सलगमाचे पीक जवळजवळ बुडाले. फेरपालट ही खताला पर्याय नाही, हे यातून दिसले. क्लोव्हर वारंवार घेतल्यास त्यालाही रोग जडे. म्हणून त्याच्या जागी घेवड्यासारखी पिके घ्यावी लागत.

द्विदलाचा बेवड लाभदायक का, याचे उत्तर मात्र या संशोधकांच्या हाती लागले नाही. त्यांनी प्यू यांच्यासह १८६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत माती तापवलेली असल्याने मुळांवरील गाठींतील जिवाणूच नष्ट झाले होते. हवेतील नत्र हे जिवाणू स्थिर करतात, हे हेलरीगेल व विलफार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८६ मध्ये दाखवून दिले.

बाजारभाव व फेरपालटीची घसरण

१८७० च्या दशकापासून अमेरिकेतील स्वस्त धान्यामुळे इंग्लंडमध्ये गव्हाचे भाव कोसळले आणि बरीच नांगरटीची जमीन कुरणाखाली गेली. सलगमाच्या लागवडीस लागणारी मजुरी परवडेनाशी झाली. पुढे कारखान्यात तयार होणाऱ्या नत्रखतामुळे द्विदलाची निकडही कमी झाली. फेरपालट मोडली ती तिची उपयुक्तता संपली म्हणून नव्हे, तर हिशेबात ती बसेना म्हणून.

परंतु खताने प्रत्येक उणीव भरून निघाली नाही. ब्रॉडबाल्कच्या काही भागांत १९६८ पासून फेरपालट सुरू झाली. तेथे इतर पिकांनंतर घेतलेल्या गव्हाचे उत्पादन सलग गव्हापेक्षा अधिक आले. सलग गव्हात मुळांचा रोग बळावतो व नत्राची मात्रा वाढवूनही हे नुकसान पूर्णपणे टळत नाही.

निष्कर्ष

इंग्लंडमधून कृषी-पाहणीसाठी आलेले रसायनशास्त्रज्ञ व्होएलकर यांनी १८९३ च्या अहवालात, भारतीय शेतकऱ्यास फेरपालट कळत नाही ही समजूत चुकीची ठरवली होती. तेव्हा प्रश्न केवळ ज्ञानाचा नाही. नॉरफोकचा क्रम टिकला तो चाऱ्याला गोठा, खताला शेत आणि कुळाला दीर्घ मुदत मिळाली म्हणून. यांतील दुवे निखळताच तो विस्कटला. द्विदल व चारापिकांना खात्रीचा भाव आणि कसणाऱ्यास जमिनीची शाश्वती नसेल, तर केवळ उपदेशाने फेरपालट रुजणार नाही, असा या इतिहासाचा निष्कर्ष निघतो.