लेखापालांच्या संस्थेचे लेखापरीक्षण : स्वायत्तता आणि शासकीय देखरेख (१९४९ ते २०२२)

प्रस्तावना

व्यवसायाची सनद देण्याचा अधिकार शासन ज्या संस्थेकडे सोपविते, तिचा खर्च बहुतांशी सभासदांच्या शुल्कातून चालतो. त्यामुळे हा निधी सभासदांची खाजगी बाब मानण्याकडे कल असतो. परंतु शुल्क भरल्याशिवाय व्यवसायच करता येत नसेल, तर ती ऐच्छिक वर्गणी राहत नाही. तिच्यामागे कायद्याचे बळ असते. भारतीय सनदी लेखापाल संस्थेच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच मार्मिक ठरतो. इतरांचे हिशेब तपासणाऱ्यांचे हिशेब कोणी तपासावेत?

ऐतिहासिक पार्श्वभूमी

१९१३ च्या भारतीय कंपनी कायद्याने लेखापरीक्षकास विहित पात्रता आवश्यक ठरली व प्रमाणपत्रे देण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांकडे आला. मुंबई सरकारने १९१८ मध्ये लेखाशास्त्राची शासकीय पदविका सुरू केली. १९३२ मध्ये लेखापालांच्या नोंदणीचे काम केंद्र सरकारकडे गेले आणि सल्ल्यासाठी भारतीय लेखा मंडळ स्थापन झाले. या काळात सनद देणारे सरकारच असल्याने स्वतंत्र संस्थेच्या निधीचा प्रश्न उद्भवला नाही. १ जुलै १९४९ रोजी सनदी लेखापाल कायदा अंमलात आला आणि हा अधिकार व्यावसायिकांच्या स्वायत्त संस्थेकडे आला. मुंबईचे गो. प. कपाडिया हे तिचे पहिले अध्यक्ष होत.

देखरेखीचे तीन टप्पे

१९४९ च्या कायद्याने निधीचे व्यवस्थापन व नियंत्रण संस्थेच्या परिषदेकडे ठेवले. लेखापरीक्षक परिषदेनेच दरवर्षी नेमावयाचा होता. मात्र परिषदेचा सदस्य किंवा त्याचा भागीदार त्या कामास अपात्र होता. तपासलेले हिशेब राजपत्रात प्रसिद्ध करून केंद्र शासनास व सभासदांस पाठविणे बंधनकारक होते. येथे देखरेखीचे मुख्य साधन प्रसिद्धी हे होते.

२००६ च्या दुरुस्तीने दुसरा टप्पा सुरू झाला. ठरावीक मर्यादेपलीकडे शुल्क वाढविण्यास केंद्र शासनाची पूर्वसंमती आवश्यक झाली. हिशेबांतून आर्थिक स्थितीचे खरे व वाजवी चित्र दिसत नाही, असे निदर्शनास आल्यास विशेष लेखापरीक्षण करविण्याची तरतूदही झाली. अशी माहिती केंद्र शासनाने कळविल्यास परिषदेने केलेल्या कार्यवाहीचा अहवाल देणे अनिवार्य ठरले. तथापि विशेष लेखापरीक्षण करावे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार परिषदेकडेच राहिला. ज्यांच्या हिशेबांविषयी शंका, तेच निर्णयकर्ते, ही या तरतुदीची मर्यादा होय.

२०२२ च्या दुरुस्ती कायद्याने तिसरे पाऊल उचलले. परिषदेने लेखापरीक्षक संस्था भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी राखलेल्या नामिकेतूनच निवडावी, अशी तरतूद झाली. नेमणूक परिषदेकडेच राहिली. निवडीचे क्षेत्र मात्र बाहेरच्या घटनात्मक अधिकाऱ्याने निश्चित केलेले असेल.

तुलना

वैद्यक क्षेत्रातील वाटचाल याहून वेगळी आहे. लाचखोरीच्या आरोपांनंतर केंद्र शासनाने २०१० मध्ये भारतीय वैद्यक परिषद बरखास्त करून कारभार नियामक मंडळाकडे दिला. पुढे २०१९ च्या कायद्यान्वये राष्ट्रीय वैद्यक आयोग आला. त्याच्या हिशेबांची तपासणी थेट नियंत्रक व महालेखापरीक्षकांकडे सोपविण्यात आली. मात्र निवडून आलेल्या परिषदेची जागा प्रामुख्याने नियुक्त सदस्यांच्या आयोगाने घेतली. आर्थिक शिस्त कठोर झाली, पण व्यावसायिकांचे स्वयंशासनही आक्रसले.

समारोप

प्रसिद्धी, शासनास उत्तर देण्याचे बंधन आणि बाह्य नामिका या क्रमाने लेखापालांच्या संस्थेवरील देखरेख वाढत गेली. परंतु तिजोरीच्या किल्ल्या शासनाने स्वतःकडे घेतल्या नाहीत. देखरेख आणि स्वायत्तता परस्परविरोधी असतातच असे नाही, हे यावरून स्पष्ट होते. वेळीच स्वीकारलेली मर्यादित तपासणी स्वायत्ततेचे रक्षण करू शकते. अद्याप एक उणीव उरते. शंका उपस्थित झाल्यावर विशेष तपासणीचा निर्णय संबंधित परिषदेवर अवलंबून असू नये. इतरांच्या ताळेबंदावर स्वाक्षरी करणाऱ्या व्यवसायाची प्रतिष्ठा स्वतःच्या ताळेबंदाच्या विश्वासार्हतेवरच टिकते.