चाकावरचं वजन आणि चाकाचं वजन

आजचा विषय वाचून काहींनी विचारलं, टायरचं वजन हा गाड्यांची हौस असलेल्यांचा विषय, त्याचं इतिहासाच्या व्याख्यानात काय काम? काम आहे, आणि ते इगतपुरीतच जास्त नीट समजतं. तेव्हा सुरुवात एका साध्या प्रश्नाने करतो. एकाच मापाचे दोन स्पोर्टी टायर समोर ठेवले आहेत. एक नऊ किलोचा, दुसरा साडेदहा किलोचा. दोन्ही नवे, दोन्ही नावाजलेले. कोणता चांगला?

बरेच जण म्हणतील, हलका. हलकं चाक चटकन फिरतं, चटकन थांबतं. हे खोटं नाही, पण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं समजायला आपल्याला बैलगाडीपर्यंत मागे जावं लागेल.

बैलगाडीच्या लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी असते तिला आपण धाव म्हणतो. ही धाव लोहार चाकापेक्षा किंचित लहान घेराची करतो. गोवऱ्यांच्या आगीत ती लाल होईपर्यंत तापवतो, तापल्यावर ती फुगते, मग ती चाकावर बसवून वर पाणी ओततात. चर्रर्र आवाज होतो, धाव आकसते आणि लाकडाचे सगळे सांधे आवळून धरते. इंग्रजीत ‘टायर’ हा शब्द मुळात याच पट्टीसाठी होता. रबर फार नंतर आलं. म्हणजे टायरचं पहिलं काम रस्ता पकडणं नव्हतं, चाक एकत्र धरून ठेवणं हे होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

धाव टिकाऊ होती, पण जड होती. चाकाचं वजन बैलांना प्रत्येक चढाला ओढावं लागे, आणि त्या वजनाचा पकडीला फारसा उपयोग नव्हता. उतारावर लोखंड घसरे, पावसात रस्ता कापून काढे.

आता रेल्वेकडे येऊ. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी सुरू झाली आणि १८६५ साली थळ घाट, म्हणजे आपला कसारा घाट, चढून रूळ इगतपुरीला पोचले. कसाऱ्याहून इगतपुरीला येताना पंधरा किलोमीटरच्या आत गाडी जवळजवळ तीनशे मीटर वर चढते. चढ आहे सदतीसास एक. याचा अर्थ सोप्या भाषेत असा, की दर ३७ टन वजनामागे एक टन ओढ नुसती गुरुत्वाकर्षणाशी झगडण्यात जाते.

वाफेच्या इंजिनाच्या चाकालाही टायर असे, पोलादाचा. तो बसवायची पद्धत काय? तापवायचा, चढवायचा, आकसू द्यायचा. गावातला लोहार आणि रेल्वेचा कारखाना, दोघांची युक्ती एकच. घाट उतरताना ब्रेक फार वेळ घासले तर हा टायर तापून सैल पडण्याचा धोका असे. म्हणून उतार हा चढापेक्षा जास्त काळजीचा. ताबा सुटलेली गाडी वळवून घ्यायला घाटात वेगळे चढते रूळ टाकलेले होते, ते याच भीतीपोटी.

इथे चाकाच्या इतिहासातला मोठा धडा मिळतो. पोलादाच्या रुळावर पोलादाचं चाक शंभर किलो वजनामागे पंचवीस ते तीस किलोची ओढ झेलतं, तेही रूळ कोरडा असताना. त्यापलीकडे चाक जागच्या जागी फिरतं. मग घाटात ओढ वाढवायची कशी? इंजिन जड करायचं, आणि ते वजन ओढणाऱ्या चाकांवरच येईल असं बघायचं. १९२८ पासून आलेली विजेची इंजिनं, ज्यांना त्यांच्या आवाजामुळे इथले लोक ‘खेकडा’ म्हणत, ती सुमारे सव्वाशे टनांची होती आणि त्यांच्या सहाही आसांची चाकं ओढणारी होती. शिवाय पावसाळ्यात रुळावर वाळू सोडायची सोय असते. आजही कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिनं लागतात आणि ती इगतपुरीपर्यंत ढकलत आणतात.

म्हणजे बघा, बैलगाडीत वजन शत्रू होतं आणि इंजिनात तेच वजन मित्र झालं. विरोधाभास वाटतो, पण नाही. ही दोन वेगळी वजनं आहेत. एक चाकावरचं वजन, दुसरं चाकाचं वजन. चाकावरचं वजन पकड देतं. चाकाचं वजन फिरवावं, उचलावं आणि थांबवावं लागतं. टायरचा पुढचा सगळा इतिहास हा या दोघांचा मेळ घालण्याचा इतिहास आहे.

रबराने हा मेळ बदलून टाकला. हवा भरलेल्या चाकाचं पेटंट रॉबर्ट थॉमसन याने १८४५ मध्येच घेतलं होतं, पण तेव्हा ते चाललं नाही. १८८८ मध्ये बेलफास्टमध्ये जॉन डनलॉप याने ते सायकलसाठी पुन्हा शोधलं. १८९५ च्या पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतीत मिशलँ बंधूंनी हवेच्या टायरवर मोटार उतरवली. वाटेत पुन्हा पुन्हा पंक्चर झालं, पण हवेवर मोटार धावू शकते हे लोकांनी पाहिलं. कोरड्या डांबरावर चांगलं रबर शंभर किलोमागे ऐंशी-नव्वद किलोची ओढ झेलतं, पोलादाच्या तिप्पट. आता पकडीसाठी गाडी जड करायची गरज उरली नाही. आपल्याकडे बैलगाडीलाही डनलॉपची चाकं लागली आणि त्याच बैलजोडीने जास्त माल ओढला.

पुढची मोठी उडी १९४६ ची. मिशलँने रेडियल टायरचं पेटंट घेतलं. तळव्याच्या रबराखाली पोलादी तारांचा पट्टा आला. पोलाद आलं म्हणजे वजन आलं, तेही चाकाच्या अगदी बाहेरच्या कडेला, जिथे ते फिरवायला सगळ्यांत अवघड. तरी हा टायर सरस ठरला, कारण पट्ट्यामुळे तळवा रस्त्यावर सपाट टेकून राहिला, वळणावर मुडपला नाही, तापलाही कमी. वजनकाट्यावर हरला असता, पण रस्त्यावर जिंकला.

मग १९७४ मध्ये पिरेलीने लान्चिया स्ट्रॅटोस या रॅलीच्या गाडीसाठी पी-सेव्हन हा बुटक्या कडेचा रुंद टायर बनवला. आजच्या स्पोर्टी टायरचा हा पूर्वज. मोठ्या वेगात पोलादी पट्टा बाहेर फेकला जाऊ पाहतो. तो धरून ठेवायला त्यावर नायलॉनची पट्टी गुंडाळली. नायलॉन तापलं की आकसू पाहतं आणि पट्ट्याला आवळून धरतं. आता आठवा आपला लोहार. चाक आवळून धरणारी धाव पुन्हा आली, फक्त नायलॉनची होऊन.

आता सुरुवातीच्या दोन टायरांकडे वळू. एकाच मापात दीड किलोचा फरक येतो कुठून? जास्त वेगासाठी जास्त नायलॉन, कडेचं जाड रबर, पोलादी पट्ट्याची जाडी, तळव्याची खोली. म्हणजे दीड किलोने काय सांगितलं? काहीच निश्चित नाही. ते कुठे आहे यावर सगळं अवलंबून.

त्याचा तोटा मात्र मोजता येतो. फिरणाऱ्या कडेवरचं एक किलो वजन गाडी पळवताना जवळजवळ दोन किलोइतकं जाणवतं, कारण ते पुढेही न्यायचं आणि फिरवायचंही. चार टायरांचे सहा किलो म्हणजे डिकीत दहा-बारा लिटर पाणी ठेवल्यासारखं. बाराशे किलोच्या गाडीत हा एक टक्का झाला. खडबडीत रस्त्यावर तोटा याहून जास्त, कारण जड चाक खड्ड्यातून उडालं की परत टेकायला वेळ घेतं. पण त्याच खड्ड्यात पातळ कडेचा हलका टायर फुगतो किंवा फाटतो. नाशिकच्या परिसरात राष्ट्रीय रॅलीच्या फेऱ्या कच्च्या रस्त्यांवर झाल्या आहेत. तिथे शर्यतीच्या गाड्यांना जाड, दणकट कडांचे टायरच लावतात. शर्यत आहे म्हणून हलका टायर, असा नियम नाही.

आता पकडीचा हिशेब. पावसाळ्यात कसारा घाट उतरताय, वेग ताशी ८० किलोमीटर. दर शंभर मीटरला चार मीटर उतार धरू. ओल्या रस्त्यावर एका टायरची पकड शंभराला सत्तर आणि दुसऱ्याची साठ असेल, तर ब्रेक लागल्यापासून पहिली गाडी सुमारे ३८ मीटरमध्ये थांबते, दुसरी ४५ मीटरमध्ये. सात मीटर. पुढे ट्रक उभा असेल तर हे सात मीटर म्हणजे सगळंच. आणि हा फरक वजनकाट्यावर दिसत नाही. तो रबराच्या मिश्रणात आहे. १९९२ पासून मिशलँने रबरात सिलिका घालायला सुरुवात केली आणि ओल्या रस्त्यावरची पकड सुधारली, ती अशी मिश्रणातून.

तो नक्षीतही आहे. रस्त्यावर तीन मिलिमीटर पाणी साचलं असेल तर या वेगाला एकेक पुढचा टायर दर सेकंदाला सुमारे बारा लिटर पाणी बाजूला सारतो. टायर रुंद असेल तर अजून जास्त. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तेव्हा हे गणित पुस्तकातलं राहत नाही. आणि गंमत बघा. टायर झिजला की त्याचं किलो-दीड किलो रबर जातं. म्हणजे सगळ्यांत हलका टायर कोणता? गुळगुळीत झालेला. नुसतं वजन पाहून निवड केली तर आपण शेवटी तिथे पोचतो.

टायरच्या कडेवर २०५/५५ आर १६, ९१ व्ही असं काही लिहिलेलं असतं. त्यातला ९१ म्हणजे हा टायर ६१५ किलो भार पेलतो, व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंत चालतो. चाकावरचं वजन छापलेलं आहे. चाकाचं वजन छापलेलं नाही. आणि २०२२ मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरांसाठी जे निकष आणले ते तीन गोष्टींचे: फिरताना होणारा विरोध, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज. त्यातही वजन नाही. कारण वजनाचे जे परिणाम आहेत, ते या मोजमापांत आपोआप उतरतात.

या परिसराचं एक वैशिष्ट्य आहे. महिंद्राचा इंजिनांचा कारखाना इगतपुरीत, आणि सिएटचा टायरचा कारखाना नाशिकला सातपुरात. इंजिन किती जोर लावू शकतं हे इगतपुरी ठरवते, त्यातला किती रस्त्यापर्यंत पोचतो हे सातपूर. जून २०२५ पासून समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला. जवळजवळ आठ किलोमीटरच्या बोगद्यातून गाड्या घाट न चढता जातात. चढ सौम्य झाला, पण वेग वाढला. याच महामार्गावर अपघात वाढले तेव्हा परिवहन विभागाने गुळगुळीत टायरच्या गाड्या अडवायला सुरुवात केली. दीडशे वर्षांपूर्वी रेल्वेने ताबा सुटलेल्या गाडीसाठी चढते रूळ टाकले. आपल्या मोटारीखाली तसे रूळ नाहीत. तळहाताएवढे रबराचे चार ठसे आहेत, तेवढेच.

एका श्रोत्यांनी चिठ्ठी पाठवली आहे: “मग सर, घेऊ कोणता?” उत्तर असं. आधी ओल्या रस्त्यावरची पकड बघा, तीही एकाच मापाच्या, एकाच गाडीवर, सारख्याच हवेच्या दाबाने आणि सारख्याच ओल्या रस्त्यावर तपासलेल्या टायरांची. मग कड आपल्या रस्त्यांना पुरेल का ते बघा. या दोन्हींत टायर बरोबरीचे निघाले, तर मात्र हलका घ्या. आणि नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की बदला. ती कायद्याची मर्यादा आहे. घाटाखाली राहणाऱ्यांनी त्याआधीच, पावसाळ्यापूर्वी बदलावा.