मंजुश्रीची पाठ

आपला हात कधीच पोचत नाही अशी एक जागा प्रत्येकाच्या पाठीवर असते. चीनमध्ये त्या जागेसाठी हाडाची, शिंगाची नाहीतर बांबूची काठी कोरत. टोकाला माणसाची वळलेली बोटं. हवं तिथे खाजवता येतं, म्हणून तिचं नाव 'रूयी'. 'रू' म्हणजे सारखं, 'यी' म्हणजे मन. मराठीत याला चपखल शब्द आहे: मनाजोगतं.

ही कुळकथा सगळ्यांना मात्र पटली नाही. 11व्या शतकाच्या सुरुवातीला दाओचंग नावाच्या भिक्षूनं बौद्ध मठांतल्या शब्दांचा आणि वस्तूंचा एक कोश रचला. त्यात ही व्युत्पत्ती आहे आणि तिच्यावरचा आक्षेपही आहे. रूयी तर मंजुश्री बोधिसत्त्वाच्या हातातही असते; त्याला काय पाठ खाजवायची असते? आक्षेप घेणाऱ्यांच्या मते रूयी हे मनाचंच प्रतीक. त्याच नोंदीत आणखी एक खुलासा आहे. प्रवचनकार भिक्षू दांड्यावर मुद्दे लिहून ठेवत आणि ऐनवेळी विसरले की हळूच वाचत. दरबारी अधिकारी टिपणासाठी 'हू' नावाची पट्टी बाळगत, तशीच ही. मूळ संस्कृत शब्द म्हणून तिथे जी अक्षरं दिली आहेत, ती बुद्धाचा शिष्य अनिरुद्ध याच्या नावाचीच. त्या नावाचं भाषांतर 'रूयी' असंही होई. माणसाचं नाव काठीला चिकटलं असावं, असं मला वाटतं. माझं मत पाठीच्या बाजूनं. देवाच्या हाती गेलेली वस्तू आधी माणसाच्या हातात नव्हती, असं थोडंच आहे!

तिसऱ्या-चौथ्या शतकात तरी ती चांगलीच माणसाळलेली दिसते. 'शिश्वो शिन्यू' या पाचव्या शतकातल्या किस्से-संग्रहात धनाढ्य शी छोंग लोखंडी रूयीच्या फटक्यानं प्रतिस्पर्ध्याचं पोवळ्याचं झाड फोडतो आणि भरपाई म्हणून त्याहून उंच झाडं आणून मांडतो. सेनापती वांग दुन दारू चढली की गाऊ लागे आणि रूयीनं पिकदाणीवर ठेका धरी; पिकदाणीच्या काठाचे टवके उडाले होते.

मिंग काळातला रसिक वन झनहंग (1585–1645) या लोखंडी रूयीवरच जीव टाकतो. सोन्या-चांदीचं जडावकाम झिजून जेमतेम दिसावं, तीच खरी. झाडाच्या वेड्यावाकड्या फांदीच्या रूयी त्याला टाकाऊ वाटत.

पुढे छिंग दरबारात जेडच्या, पोवळ्याच्या, लाखकामाच्या रूयी आल्या. बोटं तर केव्हाच गेली होती. त्या जागी ढग किंवा लिंगझी भूछत्राचा आकार. आता तिनं पाठ खाजवणं अशक्यच. 1793मध्ये सम्राट छ्यानलोंगनं इंग्लंडच्या राजासाठी एक रूयी दिली. त्या राजाचा दूत मॅकार्टनी यानं लिहून ठेवलं की कोरीवकाम विलक्षण आहे, पण वस्तू फारशी मोलाची दिसत नाही.

दरबारात मात्र तिचा 'मनाजोगतं होवो' हा अर्थ सगळे जाणत. 1795मध्ये छ्यानलोंग आपला वारस जाहीर करणार होता. आदल्या दिवशी त्याचा लाडका मंत्री हशेन यानं त्या राजपुत्राला रूयी नजर केली, म्हणजे गुपितच फोडलं. 1799मध्ये छ्यानलोंग वारला. तोच राजपुत्र, म्हणजे सम्राट ज्याछिंग, यानं हशेनवर वीस आरोप ठेवले. त्यांत पहिला या रूयीचा. हशेनला गळफास घ्यावा लागला. त्याच वर्षी अधिकाऱ्यांनी रूयी नजर करण्यावर बंदी आली. तुम्हाला ती मनाजोगती वाटत असेल, मला नेमकी उलट वाटते, असं सम्राटानं त्यांना सुनावलं.