तांबटाचा पत्रा आणि पुंगळीचे गणित

धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्याने शिरपूरच्या दिशेने निघाल्यावर सुमारे वीस किलोमीटरवर येणारे सोनगीर हे गाव किल्ल्यासाठी जितके ओळखले जाते, तितकेच, किंबहुना थोडे अधिकच, तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखले जाते. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरांनीही गावाचे वर्णन करताना इथल्या भांड्यांची, घोंगड्यांची आणि जाड्याभरड्या कापडाची नोंद केली आहे. हंडा, कळशी, घंगाळ, बंब या वस्तूंच्या मागे जी विद्या आहे ती मुळात एकच होय, आणि ती म्हणजे सपाट पत्र्याला पोकळ, गोल आणि सांधा न गळणारे रूप देणे. दोन फटक्यांच्या, म्हणजे टू-स्ट्रोक, इंजिनाची खास घडवलेली धुराची नळी हीदेखील अशीच पत्र्याची पोकळ वस्तू आहे. तिचा जन्म सोनगीरचा नव्हे. परंतु तिचा इतिहास केवळ परदेशी अभियंत्यांच्या आकडेमोडीचा म्हणून सांगितला, तर ती घडते कशी हा अर्धा भाग गळून पडतो.

टू-स्ट्रोक इंजिनात फिरत्या दांड्याच्या (क्रँकशाफ्टच्या) एकाच फेरीत, म्हणजे पिस्टनच्या एका खाली-वर हालचालीत, सारे काम उरकते. चार फटक्यांच्या इंजिनाप्रमाणे इथे उघडझाप करणाऱ्या झडपा नसतात. सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या, म्हणजे पोर्ट, कोरलेल्या असतात आणि पिस्टन स्वतःच त्या झाकतो व उघडतो. सर ड्युगाल्ड क्लर्क यांनी १८७८ ते १८८१ या काळात हे तत्त्व उभे केले आणि जोसेफ डे यांनी १८९० च्या दशकात दांड्याच्या खोक्यातच (क्रँककेसमध्ये) मिश्रण दाबणारे साधे रूप दिले, त्यामुळे इंजिन स्वस्त आणि हलके झाले. पण एक खोड कायम राहिली. जळका धूर बाहेर जाण्याची खिडकी उघडी असतानाच ताजे पेट्रोल-हवेचे मिश्रण आत येते, आणि त्यातले काही धुरामागोमाग तसेच निसटून जाते. मधल्या काळात नळीला केवळ धूर वाहून नेणारी आणि आवाज दाबणारी वस्तू मानले गेले, म्हणून ही गळती इंजिनाच्या नशिबी आहे असेच धरून चालण्याची रीत होती.

नळीची लांबी-रुंदी ही गळती थोपवू शकते, ही जाणीव १९५० च्या दशकात जर्मनीत पक्की झाली. डीकेडब्ल्यू कंपनीत एरिख वोल्फ यांनी फुगीर नळीचे प्रयोग केले, आणि पूर्व जर्मनीतील त्शोपाउ येथील एमझेड या मोटारसायकल कंपनीच्या शर्यत विभागात वाल्टर काडेन यांनी त्या कल्पनेला शास्त्राचे रूप दिले. युद्धकाळात पेनेम्युंडे येथील अग्निबाण केंद्रात काम केलेल्या काडेन यांनी नळीतील दाबाच्या लाटा ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर पाहून आकार बदलत नेले. खिडकी उघडताच धुराची दाबलाट नळीत धावते. नळी जिथे फैलावत जाते तिथून उलट्या दिशेने एक ओढणारी लाट परतते, ती उरलासुरला धूर बाहेर खेचते आणि ताजे मिश्रणही थोडेसे नळीत ओढून घेते. त्यानंतर पुढच्या निमुळत्या शंकूवर आदळून परतलेली दाबलाट ते निसटलेले मिश्रण, खिडकी मिटण्याच्या क्षणाआधी, परत सिलिंडरमध्ये ढकलते. १९६१ सालापर्यंत एमझेडचे १२५ घनसेंटिमीटरचे इंजिन सुमारे २५ अश्वशक्ती देऊ लागले, म्हणजे दर लिटरमागे २०० अश्वशक्ती, आणि तीही बाहेरून हवा दाबणाऱ्या यंत्राशिवाय.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये स्वीडनमधील क्रिस्टियानस्टाडच्या शर्यतीनंतर एमझेडचा स्वार एर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळून गेला आणि ही विद्या सुझुकीच्या हाती पडली. १९६२ साली त्यानेच सुझुकीला ५० घनसेंटिमीटर गटातील जागतिक विजेतेपद मिळवून दिले. पुढच्या वीस वर्षांत जपानी कंपन्यांनी शर्यतीतले हे ज्ञान रस्त्यावरच्या गाड्यांत उतरवले. १९८५ मध्ये भारतात आलेली ९८ घनसेंटिमीटरची यामाहा आरएक्स १०० ही त्याच वंशातली, मिनिटाला साडेसात हजार फेऱ्यांना सुमारे ११ अश्वशक्ती देणारी. त्याआधी १९७२ पासून पुण्याच्या बजाज ऑटोची चेतक आणि कायनेटिकची लुना या टू-स्ट्रोक गाड्या मराठी मुलखात घराघरांत पोचल्या होत्या, तर राजदूत मोटारसायकल शेतावर आणि दूधवाल्याकडे होती. मात्र खास नळीची ओढ प्रामुख्याने आरएक्स १०० आणि राजदूत ३५० यांच्यामुळे लागली.

मराठी तरुणांनी या नळीला दिलेले नाव, पुंगळी, मोठे मार्मिक आहे. पुंगी वाजते ती आतल्या हवेच्या लांबीवर, आणि इथेही लांबी हेच सारे गणित आहे. धुराची खिडकी दांड्याच्या १८० अंशांच्या फिरण्याइतका वेळ उघडी राहत असेल आणि इंजिनाने मिनिटाला ८,००० फेऱ्यांना सर्वाधिक जोर द्यावा अशी अपेक्षा असेल, तर तो अवधी ३.७५ मिलिसेकंदांचा भरतो. तापलेल्या धुरात ध्वनीलाटेचा वेग सेकंदाला सुमारे ५२० मीटर धरल्यास पिस्टनपासून निमुळत्या शंकूच्या मध्यापर्यंत साधारण ९७ सेंटिमीटर अंतर हवे, कारण लाटेला जाऊन परत यायचे असते. फेऱ्या १०,००० धरल्या की हेच अंतर ७८ सेंटिमीटरवर येते. म्हणजे आखूड नळी उंच फेऱ्यांवर जोर देते आणि खालच्या फेऱ्यांवर गाडी रडकी करते. शेवटची अरुंद नळी किती रुंद असावी यावरही बरेच अवलंबून असते, कारण ती फारच बारीक झाली तर उष्णता आत कोंडते आणि पिस्टन जाम होतो. गॉर्डन जेनिंग्ज यांच्या १९७३ च्या पुस्तकाने हे हिशेब सामान्य मेकॅनिकपर्यंत नेले, तर बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात गॉर्डन ब्लेअर यांनी ते संगणकावर आणले.

आकडे निघाले तरी नळी अद्याप कागदावरच असते, आणि इथून पुढचे काम तांबटाला ओळखीचे वाटावे असे आहे. ४० मिलिमीटर व्यासापासून १०० मिलिमीटरपर्यंत ३०० मिलिमीटर लांबीत फैलावणारा शंकू हवा असेल, तर सपाट पत्र्यावर ५०२ आणि २०१ मिलिमीटर त्रिज्यांच्या दोन कंसरेषा काढून जवळजवळ ३६ अंशांचा पंखा कापावा लागतो; तो गुंडाळला की शंकू तयार. इंजिनाखालून वळणारी नळी असल्यास असे अनेक तुकडे तिरपे कापून जोडले जातात. दुसरी रीत अशी की दोन सारखे सपाट पत्रे कडेने झाळून आत पाणी दाबाने भरायचे, म्हणजे ते फुगून नळी होते. यासाठी सपाट पत्र्याची रुंदी इच्छित व्यासाच्या सुमारे १.५७ पट, म्हणजे अर्ध्या परिघाइतकी, ठेवावी लागते. सोनगीरचा तांबट पंखा कापत नाही, तो पत्रा ठोकून खोलवतो, मध्येमध्ये भट्टीत तापवून मऊ करतो, कारण घाव खाल्लेले तांबे कडक होते. सांध्यासाठी पत्र्याच्या कडांना दाते पाडून ते एकमेकांत बसवतो आणि टाकणखार लावून झाळतो. शेवटी मठारतो, म्हणजे जवळजवळ बारीक घाव देऊन पृष्ठ सारखे आणि ताठ करतो. लोखंडी पत्र्याच्या नळीला गॅसची ज्योत पुरते आणि मठारण्याची गरज नसते. पण सांध्याची खरी परीक्षा दोन्हीकडे सारखीच कडक असते: भांडे गळू नये आणि पुंगळी थरथरून चिरू नये.

रोजच्या गाडीत मात्र ही कारागिरी फारशी कोणाच्या नजरेस पडली नाही. टू-स्ट्रोक गाडीत पेट्रोलबरोबर तेलही जळते, त्याची काजळी सायलेन्सरात बसते, आणि गाडी ओढीत मंदावली की मेकॅनिक आतली जाळी काढून विस्तवात जाळून स्वच्छ करी. त्या सफाईनंतर गाडी उड्या मारू लागे आणि आवाजही वाढे, त्यामुळे आवाज म्हणजे जोर असा समज मुळाशीच रुजला असावा. पुढे नुसती जाळी काढून किंवा नळी कापून भसाभसा वाजणाऱ्या गाड्या फिरू लागल्या. हा समज तत्त्वतः चुकीचा आहे: लाट परत फिरवणारा निमुळता शंकूच कापून टाकला तर निसटलेले मिश्रण परत येत नाही, पेट्रोल अधिक लागते आणि जोर घटतो.

गळतीचा हाच दोष पुढे टू-स्ट्रोकच्या मुळावर आला. देशात १९९१ पासून लागू झालेल्या आणि १९९६ व २००० मध्ये कडक होत गेलेल्या धुराच्या मर्यादा न जळलेले मिश्रण बाहेर सोडणाऱ्या या इंजिनाला पेलणे कठीण झाले, आणि १९९६ मध्ये आरएक्स १०० बंद झाली. तोवर सोनगीरच्या भांड्यांनाही स्टेनलेस स्टीलने बाजारातून बरेच मागे सारले होते, आणि जुनी भांडी मोडीत घालण्याची चाल वाढली होती. आज जुन्या आरएक्सला मागणी आहे, तिला नवी पुंगळी बसवण्याचा छंद आहे. परंतु १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीत मनाप्रमाणे फेरफार करण्यास बंदी घालते आणि १९८९ च्या नियमावलीतील नियम १२० सायलेन्सर बंधनकारक करतो, म्हणून गणित करून घडवलेली आणि नुसती कापलेली, अशा दोन्ही पुंगळ्या कायद्याच्या दृष्टीने एकाच रांगेत उभ्या राहतात आणि शर्यतीच्या बंद मैदानाबाहेर त्यांना वाट नाही.