डिस्क गोल्फ : दाट वृक्षराजीच्या मैदानासाठी टिकाऊ चकत्यांची निवड

डिस्क गोल्फ या खेळात चेंडू आणि काठी यांचे काम प्लॅस्टिकची एक चपटी, गोल चकती करते. ती हाताने फेकून, कमीत कमी फेकींत, साखळ्या लावलेल्या लोखंडी टोपलीत पोचवावयाची असते. मोकळ्या माळावर चकतीची गाठ केवळ वाऱ्याशी व जमिनीशी पडते. परंतु जेथे आरंभस्थानापासून टोपलीपर्यंतची वाट खोडांमधून, फांद्यांखालून आणि झुडपांच्या कडेने जाते, तेथे निष्णात खेळाडूची चकतीदेखील प्रत्येक फेरीत झाडांवर आदळतेच, आणि म्हणून अशा मैदानासाठी चकती निवडताना तिच्या पल्ल्याआधी तिच्या टिकाऊपणाचा विचार करणे प्राप्त होते. चकती फुटणे हे या खेळात विरळ. नव्या चकतीने पहिल्या दिवशी जी रेषा धरली तीच रेषा शेकडो आघातांनंतरही धरावी, या अर्थाने टिकाऊपणा हा शब्द येथे योजिला आहे. प्रस्तुत नोंदीत निवडीचे सामान्य निकष देऊन ते सोलापूर परिसरातील वृक्ष, जमीन आणि ऊन यांना कसे लागू करावेत, याचा विचार केला आहे.

या प्रश्नाचा उगम खेळाच्या जन्माइतकाच जुना आहे. फ्रेड मॉरिसन यांनी तयार केलेली उडती तबकडी वॅम-ओ या अमेरिकन कंपनीने १९५७ मध्ये बाजारात आणली व तिला ‘फ्रिस्बी’ हे नाव दिले. त्याच कंपनीतील एड हेड्रिक यांनी तिच्या पाठीवर वर्तुळाकार रेषा उठवून तिचे उड्डाण स्थिर केले आणि १९६७ मध्ये त्याचे पेटंट मिळविले. पुढे हेड्रिक यांनीच १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील ला कन्याडा येथील ओक ग्रोव्ह उद्यानात पहिले कायमस्वरूपी मैदान आखले आणि १९७६ मध्ये प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन ही संस्था स्थापिली. त्या वेळच्या चकत्या जाड व बोथट कडेच्या होत्या. डेव्ह डनिपेस यांनी १९८३ च्या सुमारास उतरत्या, धारदार कडेची घन चकती सिद्ध केली व त्याच वर्षी इनोव्हा ही कंपनी उभी राहिली, तेव्हापासून चकतीचा वेग वाढला, आणि वेगाबरोबर झाडावरील आघातही वाढला.

आघाताने चकतीचे नेमके काय बिघडते, हे समजण्यासाठी तिच्या उड्डाणाकडे पाहिले पाहिजे. उजव्या हाताने, छातीसमोरून फेकलेली चकती वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. वेग अधिक असताना तिच्यावरील हवेच्या दाबाचा मध्य तिच्या गुरुत्वमध्याच्या मागे पडतो, आणि फिरत्या वस्तूच्या नियमानुसार नाक खाली दाबणारी ही प्रेरणा तिला उजवीकडे कलवते, तर वेग ओसरल्यावर तो मध्य पुढे सरकून तीच चकती डावीकडे झुकते. या दोन प्रवृत्तींचे प्रमाण मुख्यतः कडेच्या आकारावर, विशेषतः सपाट ठेवलेल्या चकतीच्या कडेचे टोक जमिनीपासून किती उंचीवर आहे यावर अवलंबून असते. खोडावर आपटल्याने हे टोक दबते, खाली येते, खरबरीत होते. परिणामी चकतीचा अखेरचा डावा झुकाव कमी होऊन आरंभीचे उजवे वळण वाढते. म्हणजे चकती दिसावयास धडधाकट असूनही तिचा स्वभाव पालटलेला असतो, आणि दोन खोडांमधील दीड-दोन मीटर रुंदीच्या फटीतून जाऊ पाहणाऱ्या खेळाडूला हा पालट फार महाग पडतो. उत्पादक चकतीवर वेग, तरंगणे, वळण आणि झुकाव असे चार अंक छापतात ते नव्या चकतीचे असतात. वापरलेल्या चकतीचे अंक ज्याचे त्याने आपल्या मैदानावर पडताळून पाहावेत.

आता द्रव्याचा तपशील. चकत्यांचे प्लॅस्टिक स्थूलमानाने दोन वर्गांत मोडते. पहिला वर्ग स्वस्त, मृदू, हातात घट्ट बसणाऱ्या साध्या प्लॅस्टिकचा. इनोव्हाचे डीएक्स किंवा डिस्क्राफ्टचे प्रो-डी ही त्याची उदाहरणे. दुसरा वर्ग प्रायः थर्मोप्लॅस्टिक पॉलियुरेथेनचा. त्यात इनोव्हाचे चॅम्पियन व स्टार, डिस्क्राफ्टचे झेड व ईएसपी ही प्लॅस्टिके येतात. किमतीत हा वर्ग पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट असतो, परंतु साध्या प्लॅस्टिकच्या चकतीची कड जेथे थोड्याच फेऱ्यांत दातेरी होते, तेथे पॉलियुरेथेनची चकती आघाताने क्षणभर वाकून पुन्हा मूळ आकारावर येते. त्यातही चॅम्पियन व झेड ही पारभासक आणि कठीण प्लॅस्टिके झीज सर्वाधिक सोसतात. स्टार व ईएसपी ही अपारदर्शक प्लॅस्टिके थोडी अगोदर झिजतात, पण घामेजल्या बोटांतून निसटत नाहीत. कठीण चकती खोडावरून दूर उसळते आणि मऊ चकती आघात जिरवून झाडाजवळच पडते, ही गोष्ट जाहिरातीत क्वचित सांगितली जाते. दाट झाडीत मात्र पुढची फेक कोठून करावी लागणार, हे त्यावरच ठरते.

तथापि द्रव्यापेक्षाही वेगाची निवड अगोदर करावी, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. १७५ ग्रॅम वजनाची चकती सेकंदास २५ मीटर वेगाने खोडावर आदळली तर तिच्यातील गतिज ऊर्जा सु. ५५ जूल असते. वेग १८ मीटरवर आणला की ती सु. २८ जूल, म्हणजे निम्मी होते. झाडीतील वाट बहुधा आखूड आणि वळणाची असते. तेथे वेगांक १२ च्या, रुंद कडेच्या, लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरला आपला पल्ला दाखविण्यास अवकाश मिळत नाही, उलट किंचित चूक झाली तरी तो अधिक जोराने अधिक दूरच्या झाडीत घुसतो. यास्तव वेगांक ४ किंवा ५ ची सरळ उडणारी मिड-रेंज (मध्यम पल्ल्याची) चकती, जशी इनोव्हाची रॉक किंवा डिस्क्राफ्टची बझ, हीच झाडीतील खेळाचा कणा मानावी. तिच्या जोडीस टीबर्डसारखा वेगांक ७ चा, खात्रीने डावीकडे झुकणारा एक ड्रायव्हर आणि एव्हिअरसारखी पटर एवढ्यावर मैदान निभावते. मिड-रेंज व ड्रायव्हर कठीण पॉलियुरेथेनचे घ्यावेत. टोपलीजवळ वापरावयाची पटर साध्या मृदू प्लॅस्टिकची असली तरी चालते, कारण ती क्वचितच जोराने आपटते आणि साखळ्यांना चिकटून राहण्याचा गुण तिच्यात अधिक असतो.

झीज हे सरसकट नुकसान समजू नये. साध्या प्लॅस्टिकच्या रॉक चकत्या जाणते खेळाडू एकाच साच्याच्या तीन-चार घेतात व त्या निरनिराळ्या अवस्थांपर्यंत झिजवितात. नवी डावीकडे झुकते, मध्यम झिजलेली सरळ जाते, फार झिजलेली उजवीकडे वळते, आणि अशा रीतीने एकाच पकडीच्या चकत्यांतून तिन्ही वळणे साध्य होतात. ही रीत उत्तम, पण ती संथपणे झिजविणाऱ्या मैदानावर. जेथे झाडे कठीण आहेत तेथे मधली अवस्था येते न येते तोच निघून जाते.

सोलापूरचे झाड कठीण आहे. वनक्षेत्र तुटपुंजे असलेल्या या अवर्षणप्रवण जिल्ह्यात घनदाट अरण्य नाही. ओढ्यांचे काठ, तलावांच्या कडा, बांध आणि विजापूर रस्त्यावरील सिद्धेश्वर वनविहारासारखी राखलेली वृक्षराजी, एवढीच येथील झाडी. पण त्या झाडीतील बाभूळ ही अशी आहे की, तिच्या लाकडावर बैलगाडीचे चाक आणि नांगर पिढ्यान्पिढ्या विसंबून राहिले. तिची साल काळपट, खोल भेगांची व ओबडधोबड, त्यामुळे तिच्यावर घासून गेलेल्या चकतीची कड कानशीने घासल्यासारखी होते. जुनी चिंच आणि कडुनिंब यांच्या साली तितक्या निर्दय नसल्या तरी खडबडीतच. सुबाभळीची खोडे बारीक, पण एकमेकांना इतकी लगत की, एका फेकीत दोन-तीन आघात व्हावेत. हिवर, बोर आणि विलायतेहून आलेली वेडी बाभूळ यांचे काटे चकतीला ओरखड्यापलीकडे फारसे काही करीत नाहीत. इजा होते ती जाळीत हात घालून ती शोधणाऱ्या माणसाला. म्हणून येथे रंगाचा प्रश्नही टिकाऊपणाचाच प्रश्न ठरतो, कारण न सापडलेली चकती सर्वांत अल्पायुषी. वाळलेल्या गवतात पिवळी व तपकिरी, पावसाळ्यानंतर हिरवी, या रंगांच्या चकत्या वर्ज्य कराव्यात; गडद गुलाबी आणि निळा हे रंग दोन्ही ऋतूंत उठून दिसतात.

खोडावरून खाली पडलेली चकती ज्या भूमीवर पडते तीही मऊ नव्हे. पावसाळ्यात काळी माती चकतीला चिकटते व तिची पकड घालविते, तर उन्हाळ्यात उघडा मुरूम आणि काळा दगड तिची खालची बाजू खरवडतो; ओला फडका जवळ बाळगणे आणि प्रत्येक फेकीपूर्वी कड पुसणे, हा शिरस्ता येथे पाळावाच लागतो. एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात पारा ४० अंशांवर जातो. त्या उन्हात बंद मोटारीत ठेवलेली चकती मऊ पडून वाकडी होते, आणि साध्या प्लॅस्टिकची तर विशेष लवकर. चकत्या सावलीत, सपाट, एकीवर एक रचून ठेवाव्यात. युरोप-अमेरिकेत कडक थंडीने प्लॅस्टिक ठिसूळ होते म्हणून हिवाळ्यासाठी मऊ चकत्या सुचविल्या जातात. ती सूचना सोलापूरकराने बाजूस ठेवावी आणि उन्हात ताठ राहणारे द्रव्य पसंत करावे.

झाडांचाही विचार येथे केला पाहिजे. ज्या मैदानांवर खेळ फार चालतो तेथे आरंभस्थानाजवळच्या खोडांची साल सोलवटते, आणि जेथे प्रत्येक झाड पाणी घालून वाढवावे लागते अशा मुलखात हे नुकसान क्षम्य नाही. कोवळी रोपे असलेल्या पट्ट्यातून वाट आखू नये, आरंभस्थान पहिल्या खोडापासून दूर ठेवावे, व नवशिक्यांना तेथे केवळ मिड-रेंज व पटर वापरण्याची मुभा द्यावी. १९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी राखलेला नान्नजचा गवताळ प्रदेश तर या खेळासाठी सर्वस्वी निषिद्ध मानावा.

स्पर्धेचे नियमही निवडीवर मर्यादा घालतात. चकतीचे वजन तिच्या व्यासाच्या दर सेंटिमीटरमागे ८.३ ग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये; म्हणजे २१.७ सेंमी. व्यासाची मिड-रेंज सु. १८० ग्रॅमपर्यंत असू शकते, आणि झाडीत फांदी-पानांतून रेटून जाण्यास हे कमाल वजनच उपयोगी पडते. संयोजकांनी तसे जाहीर केले असल्यास, जमिनीपासून दोन मीटरहून उंच अडकून राहिलेल्या चकतीबद्दल एक दंडफेक मोजली जाते. आघाताने उठलेले बोचरे कंगोरे बारीक पॉलिश कागदाने माफक घासून काढण्यास नियमांची हरकत नाही. मात्र मूळ आकार बदलेल इतके घासणे, किंवा वजन वाढविण्यासाठी काही चिकटविणे, यांना मंजुरी नाही. तडा गेलेली अथवा आरपार भोक पडलेली चकती स्पर्धेतून बाद होते, म्हणून दर फेरीअखेर चकती उजेडाकडे धरून कड व तबक (मधला सपाट भाग) जेथे जुळतात ती रेषा बोटाने दाबून पाहावी. पारभासक प्लॅस्टिकमधील सूक्ष्म तडा त्या प्रकाशात पांढऱ्या केसासारखा दिसतो.