बाळंतिणीचे मनःस्वास्थ्य आणि परिचारिकेचे शिक्षण

एखाद्या रोगाचे ज्ञान होणे आणि ते ज्ञान रोग्यापर्यंत प्रत्यक्ष पोहोचणाऱ्या माणसाच्या हाती पडणे, ह्या दोन घटनांमध्ये पुष्कळदा दीर्घ कालावधी जातो. प्रसूतीनंतरच्या मानसिक विकारांचा इतिहास हे ह्याचे एक ठळक उदाहरण होय. प्रस्तुत लेखात ह्या इतिहासाचा विचार वैद्यकीय शोधांच्या अंगाने न करता सेविकांच्या शिक्षणाच्या अंगाने करावयाचा आहे.

लुई-व्हिक्तोर मार्से ह्या फ्रेंच वैद्याने गर्भवती, नवप्रसूता व स्तनदा स्त्रियांच्या मनोविकारांवरील आपला ग्रंथ १८५८ साली पॅरिस येथे प्रसिद्ध केला. त्यात ३१० रुग्णांची माहिती आलेली आहे. त्याच्या पूर्वसूरींपैकी एस्किरोल ह्याने एक महत्त्वाची गोष्ट नमूद करून ठेविली होती. ती अशी की, ह्या विकाराच्या सौम्य रुग्ण बहुधा घरीच राहतात, त्यामुळे त्यांची नोंद कोठेच होत नाही. ह्या निरीक्षणाचे मर्म पुढे दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले. मनोरुग्णालयातील वैद्याला केवळ तीव्र स्वरूपाचा उन्माद दिसे. घरात जाणाऱ्या सुईणीला वा परिचारिकेला बाळंतीण रोज दिसे, परंतु तिचे रडणे वा अबोला हा आपल्या कर्तव्यकक्षेतील विषय आहे असे तिला कोणी शिकविलेले नव्हते. आपल्याकडील 'बाळंतवात' ह्या शब्दातही अशीच तीव्र रूपाची जाणीव आहे. मूक विषादाला त्यात स्थान नाही.

विसाव्या शतकात ही स्थिती हळूहळू पालटू लागली. १९४८ साली इंग्लंडमधील कॅसल रुग्णालयात टॉमस मेन ह्यांनी मनोरुग्ण मातेबरोबर तिच्या मुलासही दाखल करून घेतले. १९६८ साली ब्राइस पिट ह्यांनी प्रसूतीनंतरच्या सौम्य विषादाचे स्वतंत्र वर्णन केले. तथापि, निर्णायक वळण आले ते १९८७ साली. कॉक्स, होल्डन व सागोव्हस्की ह्यांनी त्या वर्षी 'एडिंबरो प्रसवोत्तर विषाद मापनश्रेणी' प्रसिद्ध केली. तिच्यात अवघे दहा प्रश्न असून, प्रत्येकास शून्य ते तीन गुण दिले जातात. थकवा, भूक इत्यादी शारीरिक लक्षणे तीतून जाणीवपूर्वक वगळलेली आहेत, कारण ती लक्षणे निरोगी बाळंतिणीतही आढळावयाचीच. झोपेविषयी एक प्रश्न आहे, परंतु तो दुःखामुळे झोप न येण्याविषयीचा आहे. तान्ह्या मुलामुळे झालेल्या जागरणाशी त्याचा संबंध नाही.

ह्या श्रेणीचे खरे महत्त्व मापनापेक्षा शिक्षणात आहे असे आम्हांस वाटते. जी गोष्ट विचारण्यास सेविका संकोचत असे, ती विचारण्याचा अधिकार व शब्द तिला ह्या दहा प्रश्नांनी दिले. १९८९ साली त्याच संशोधकांनी ब्रिटनमधील हेल्थ व्हिजिटरांना, म्हणजे घरोघर जाणाऱ्या प्रशिक्षित परिचारिकांना, समुपदेशनाचे अल्प शिक्षण दिले आणि त्यांना आठवड्यास एक अशा आठ भेटी देण्यास सांगितले. तीन महिन्यांनी भेटी लाभलेल्या २६ मातांपैकी १८ पूर्ण बऱ्या झाल्या होत्या. इतर २४ मातांपैकी ९ बऱ्या झाल्या होत्या. संख्या लहान होती, पण ऐकून घेणे हे शिकविता येण्याजोगे कौशल्य आहे, हे त्यावरून सूचित झाले.

परंतु साधन हाती आले म्हणजे शिक्षण झाले, असा समजही त्याबरोबर बळावला. श्रेणीचा दहावा प्रश्न स्वतःस इजा करण्याच्या विचाराविषयी आहे. त्यास होकारार्थी उत्तर आले असता पुढे काय करावे, हे जिला ठाऊक नाही अशा सेविकेच्या हाती तो कागद देणे कितपत योग्य? हा प्रश्न केवळ तात्त्विक नव्हता. १९९७ ते १९९९ ह्या काळातील मातामृत्यूंविषयीचा ब्रिटनमधील अहवाल २००१ साली प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर वर्षभरात घडलेले मृत्यू हिशेबात धरले असता आत्महत्या हे मातामृत्यूचे प्रमुख कारण ठरते, असे त्यात दिसून आले. पुढे २००९ साली मॉरेल व सहकाऱ्यांनी १०१ वैद्यक-व्यवसायकेंद्रांत खुद्द प्रशिक्षणाचीच परीक्षा घेतली. सहाव्या आठवड्यात ज्यांचे गुण बारा वा अधिक होते, अशा मातांपैकी सहा महिन्यांनंतरही त्याच स्थितीत राहिलेल्यांचे प्रमाण प्रशिक्षित हेल्थ व्हिजिटरांच्या गटात ३४ टक्के, तर दुसऱ्या गटात ४६ टक्के आढळले.

हा प्रश्न पाश्चात्त्य देशांपुरता मर्यादित नाही. गोव्यातील एका जिल्हा रुग्णालयात पटेल, रॉड्रिग्ज व डिसोझा ह्यांनी केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांत विषाद आढळला. दारिद्र्य, पतीकडून होणारी मारहाण आणि मुलगी होणे ह्यांचा त्याच्याशी संबंध दिसला. म्हणजे येथे सेविकेला मनाबरोबर घरही वाचता आले पाहिजे. रावळपिंडीच्या ग्रामीण भागात २००८ साली प्रसिद्ध झालेल्या रहमान ह्यांच्या प्रयोगात गावातील आरोग्यसेविकांना दोन दिवसांचे शिक्षण, चार महिन्यांनी एक दिवसाची उजळणी आणि दरमहा अर्ध्या दिवसाचे मार्गदर्शन मिळाले. सहा महिन्यांनंतर त्यांच्या गटात २३ टक्के, तर तुलनेच्या गटात ५३ टक्के माता विषादग्रस्त होत्या. आरंभीचे शिक्षण अल्प होते. मार्गदर्शन मात्र अखंड होते, ही बाब ध्यानात घेण्याजोगी आहे.

ह्या विवेचनावरून एवढे म्हणता येईल की, एस्किरोलला जाणवलेली घरातली रुग्णा शोधण्याचे काम अखेर घराचा उंबरठा ओलांडणाऱ्या स्त्रीनेच केले. तिच्या शिक्षणास एका शिबिराने पूर्णविराम देणे म्हणजे बाळंतिणीस प्रश्न विचारून उत्तर ऐकण्यापूर्वीच उठून जाणे होय.