वरणभाताची कुळकथा

वरणभात म्हणजे शिजवून घोटलेली तुरीची डाळ, मऊ भात, वर साजूक तूप आणि लिंबाची फोड. डाळीत हळद, हिंग, मीठ आणि काही घरांत गुळाचा खडा पडतो. कांदा, लसूण, मिरची, मसाला, फोडणी यांतले काहीही साध्या वरणात नसते. दात न आलेल्या बाळापासून दात गेलेल्या आजोबांपर्यंत घरातल्या सर्वांना चालतील असे पदार्थ थोडे, आणि मराठी घरांत त्यांत वरणभाताचा मान पहिला. तापातून उठलेल्याला, लांबच्या प्रवासाहून परतलेल्याला आणि शिक्षणासाठी परगावी राहिलेल्याला आधी आठवतो तो हाच. इतका साधा पदार्थ मुळापासून असाच असणार, अशी समजूत सहज होते. प्रत्यक्षात त्याचे घटक निरनिराळ्या प्रदेशांतून येऊन एका ताटात जमले आहेत, आणि बहुसंख्य मराठी घरांत तो रोजचा झाला तो विसाव्या शतकात.

तुरीचे मूळ

तूर हे अस्सल भारतीय पीक. तिची सर्वांत जवळची रानटी जात ओडिशा, बस्तर आणि पूर्व घाटाच्या जंगलांत आजही उगवते. लागवडीच्या तुरीचे जुने दाणे ओडिशातील गोलबाई सासन व गोपालपूर, कर्नाटकातील संगनकल्लू आणि महाराष्ट्रातील तुळजापूर गढी या उत्खननांत मिळाले असून त्यांचा काळ सुमारे 3,400 ते 3,000 वर्षांपूर्वीचा मानतात. म्हणजे लोखंडाचा वापर सर्वत्र पसरण्याआधीपासून दख्खनच्या माणसाला तूर ठाऊक आहे. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत ती ‘आढकी’ या नावाने येते.

दख्खनच्या काळ्या रानाला हे पीक मानवले, त्याचे कारण त्याच्या मुळात आहे. तुरीचे सोटमूळ खोल जाते आणि पाऊस सरल्यावरही जमिनीच्या पोटातली ओल शोधून काढते. मृगाच्या पावसावर पेरलेली तूर डिसेंबर-जानेवारीत काढणीला येते. तिच्या मुळांवरच्या गाठींतील जिवाणू हवेतला नत्र जमिनीत बांधतात, म्हणून ज्वारीच्या किंवा कपाशीच्या ओळींमध्ये तुरीच्या ओळी टाकण्याची रीत विदर्भ-मराठवाड्यात मुरलेली आहे. जालना जिल्ह्यातील बदनापूरचे संशोधन केंद्र तुरीच्या वाणांसाठी ओळखले जाते, तर लातूर हे डाळीच्या व्यापाराचे आणि डाळगिरण्यांचे मोठे ठाणे आहे.

तुरीच्या दाण्याची डाळ करणे मात्र सोपे नाही. टरफल आणि डाळिंबी यांच्यामध्ये डिंकासारखा चिकट थर असतो, त्यामुळे सुकी तूर नुसती भरडली तर टरफल सुटत नाही आणि चुरा फार होतो. यावर दोन घरगुती उपाय चालत आले. एका रीतीत तूर भिजवून तिला लाल माती चोळायची, उन्हात खडखडीत वाळवायची आणि मग जात्यावर भरडायची. दुसऱ्या रीतीत दाणे थोडे खरवडून त्यांना तेल चोळायचे, ते मुरू द्यायचे आणि ऊन दाखवून भरडायचे. डाळगिरण्यांनी जात्याची जागा घेतली, तरी भिजवणे, तेल देणे आणि वाळवणे या क्रिया गिरणीतही टिकून आहेत.

तांदूळ : कोकणात रोज, देशावर सणाला

तांदळाचा प्रवास वेगळा आहे. कोकणपट्टी, गोवा, मावळ आणि पूर्व विदर्भातील भंडारा-गोंदिया हे भरपूर पावसाचे भाताचे मुलूख. तिथे भात आणि पेज हे रोजचे अन्न. उरलेल्या देशावर, खानदेशात आणि मराठवाड्यात पोट भरले ते ज्वारी-बाजरीच्या भाकरीने. तिथे तांदूळ विकत आणायचा जिन्नस होता, आणि सामान्य शेतकऱ्याच्या घरी भात शिजे तो सणाला, लग्नकार्याला किंवा पाहुणा आल्यावर. तुरीचे तसे नव्हते. ती शेतातच होई आणि भाकरीबरोबर पातळ आमटी किंवा घट्ट वरण म्हणून खाल्ली जाई. भाताचा मुलूख आणि तुरीचा मुलूख असे एकमेकांपासून दूर असताना वरण आणि भात यांची गाठ पडली ती आधी सुखवस्तू घरांत, देवळांत आणि पंगतींत.

या जोडीला जुना लेखी आधार आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 1129च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. ग्रंथातील अन्नभोगाच्या प्रकरणात रक्तशाली, महाशाली, गंधशाली असे तांदळाचे प्रकार येतात, तसेच डाळी मंद आचेवर शिजवून त्यांत हिंग व हळद घालण्याची रीतही येते. पुढे सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्त या महाराष्ट्रीय पंडिताने ‘भोजनकुतूहल’ लिहिले. तंजावरच्या मराठा दरबाराशी त्याचा संबंध होता, आणि अन्नपदार्थांचे गुणदोष आयुर्वेदाच्या नजरेतून सांगणारा हा महत्त्वाचा ग्रंथ आहे. छपाई आल्यावर रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ 1875 साली निघाले. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी मित्र अथवा हजार पाकक्रिया’ 1910चे आणि कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ 1970ची.

गोड्या, म्हणजे साध्या वरणाचे वय कळायला त्याचे घटकच उपयोगी पडतात. मिरची, बटाटा आणि टोमॅटो अमेरिका खंडातून समुद्रमार्गे भारतात आले ते पोर्तुगीजांच्या आगमनानंतर. आज महाराष्ट्रात रोज शिजणाऱ्या बहुतेक भाज्या-आमट्यांत यांपैकी काही ना काही असते. गोड्या वरणात एकही नाही. तूर, तांदूळ, हळद, गूळ, तूप हे सारे इथले. हिंग तेवढा परमुलखाचा, आणि तोही संस्कृत वैद्यकग्रंथांच्या काळापासून इराण-अफगाणिस्तानातून येत राहिलेला. भारतात हिंगाची लागवड करण्याचा प्रयोग हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात सुरू झाला तो थेट 2020 साली. म्हणून गोड्या वरणाची चव बाराव्या शतकातल्या माणसालाही परकी वाटली नसती. त्यात कांदा-लसूण नसल्यामुळे ते नैवेद्याला चालले, चातुर्मासात चालले, आणि हाच सोवळा साधेपणा त्याला जसेच्या तसे टिकवून ठेवणारा ठरला.

पंगतीतला पहिला घास

मराठी पंगतीत वाढण्याचा क्रम ठरलेला असतो. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे, आणि मध्यभागी वाटीने पाडलेली भाताची मूद. मुदीवर गोडे वरण पडते, त्यावर तुपाची धार, श्लोक म्हणून होतो आणि जेवण सुरू होते ते याच भाताने. मसालेभात मागाहून येतो, शेवट ताकभाताने किंवा दहीभाताने. देवापुढच्या नैवेद्याच्या पानातही हीच मूद, वर तूप आणि कडेला लिंबू. रिकाम्या पोटी पहिला घास मऊ, कोमट आणि बिनतिखटाचा पडला की पुढचे तळलेले आणि गोडधोड सोसते, असा या क्रमामागचा व्यवहार आहे.

चव तर जमतेच, पोषणही जमते. तुरीच्या डाळीत सुमारे बावीस टक्के प्रथिने असतात. त्यांत लायसिन हे अमिनो आम्ल भरपूर, पण मेथिओनिन कमी. तांदळात नेमके उलट. दोन्ही एका ताटात आली की एकाची उणीव दुसरे भरून काढते. लिंबातल्या ‘क’ जीवनसत्त्वाने डाळीतले लोह अंगी लागायला मदत होते.

चुलीच्या वैलापासून कुकरपर्यंत

डाळ आणि भात यांना शिजायला लागणारा वेळ सारखा नसतो. चुलीच्या काळात यावर वैल हा उपाय होता. चुलीच्या मुख्य तोंडाच्या मागे किंवा बाजूला, आतून धग पोचेल असे दुसरे तोंड म्हणजे वैल. कल्हई केलेल्या पितळी पातेल्यात आधण ठेवायचे, ते उकळले की हळद, हिंग आणि तेलाचा थेंब टाकून डाळ वैरायची. पातेल्यावर झाकण, झाकणात पाणी. डाळीतले पाणी आटले की हेच तापलेले पाणी आत ओतायचे, म्हणजे उकळी मोडत नाही. डाळ अर्धी शिजली की पातेले वैलावर सरकवायचे आणि मोठ्या जाळावर भात टाकायचा. डाळ मोडली की रवीने किंवा पळीने घोटून सारखी करायची आणि मग मीठ, गूळ. चिंच, आमसूल किंवा लिंबू आधी कधीच नाही, कारण डाळीच्या पेशींना सांधणारे पेक्टिन आंबटात लवकर विरघळत नाही आणि डाळ दडस राहते. जड पाण्यातल्या कॅल्शियमनेही तेच होते. एखाद्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही हा गावोगावचा अनुभव त्यामुळेच आहे.

वाफ कोंडून शिजवण्याचे भांडे फ्रेंच संशोधक दनी पापँ याने 1679 साली तयार केले. भारतात डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी 1910च्या सुमारास बंगालमध्ये ‘इकमिक कुकर’ काढला. त्यात एकावर एक डबे रचून कोळशाच्या मंद आचेच्या वाफेवर डाळ, भात आणि भाजी एकदम शिजे. प्रेशर कुकर भारतीय कंपन्यांनी बाजारात आणला तो 1959मध्ये. आतला दाब वाढला की पाणी शंभरऐवजी सुमारे 120 अंशांना उकळते आणि तासाभराची डाळ शिट्ट्यांच्या हिशेबावर येते. खालच्या भांड्यात डाळ, वरच्यात तांदूळ, अशी मांडणी वैलाची गरजच संपवणारी ठरली. तेव्हापासून मराठी घरांत ‘कुकर लावला’ याचा अर्थ वरणभात होतो आहे, असाच घेतला जातो.

भाकरीच्या मुलखात भात रोजचा होण्याला आणखी कारणे होती. मुंबईत 1943मध्ये धान्याचे रेशनिंग सुरू झाले आणि पुढे रेशन दुकानांतून तांदूळ गावोगाव गेला. ओलिताची सोय वाढली, जास्त उतारा देणारे वाण आले. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहर 157 आणि आयआर 8 यांच्या संकरातून ‘इंद्रायणी’ हा वाण 1987 साली दिला. आंब्याच्या मोहराचा वास आणि शिजल्यावरचा चिकट मऊपणा त्यात राहिला, उत्पन्न वाढले, आणि वरणाखाली घ्यायचा वासाचा भात मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला.

शाखा आणि पोटशाखा

साध्या वरणाला फोडणी बसली की मुलूख ओळखू येतो. पुण्याकडच्या आमटीत गोडा मसाला, आमसूल किंवा चिंच आणि गूळ. कोकण-गोव्यात ओल्या नारळाचे वाटण. विदर्भात लसणाच्या खमंग फोडणीचे घट्ट वरण पोळीबरोबरही खातात. खानदेशात वरण-बट्टी : भाजलेली किंवा तळलेली बट्टी कुस्करून तिच्यावर वरण आणि सढळ तूप, जोडीला वांग्याची घोटलेली भाजी. कणकेचे तुकडे वरणातच शिजवले की होतात वरणफळे, म्हणजेच चकोल्या. सगळ्यांच्या मुळाशी पातेले एकच, घोटलेल्या तुरीचे.

घराशी जडलेले नाते

मराठी घरात मुलाचे उष्टावण सहाव्या किंवा आठव्या महिन्यात आणि मुलीचे पाचव्या किंवा सातव्या महिन्यात करण्याची रूढी आहे. मामाच्या मांडीवर बसवून बाळाला अंगठीने खीर चाटवतात. खीर त्या दिवसापुरती. दुसऱ्या दिवसापासून डाळीचे पाणी, मग पेज आणि मग मऊ वरणभात. तो चमच्याने ढवळत नाहीत. आई किंवा आजी भात, वरण आणि तूप बोटांनी कुस्करते, अखंड शीत राहिलेले नाही हे अंगठ्यानेच तपासते आणि चिऊ-काऊचे नाव घेत इवलासा घास भरवते. अन्न, स्पर्श आणि आवाज बाळाला एकदमच मिळतात.

लहानपणी ओळखीच्या झालेल्या चवी पुढे आवडीच्या होतात, याला संशोधनाचाही दुजोरा आहे. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेत ज्युली मेनेला आणि सहकाऱ्यांनी 2001मध्ये दाखवले की गरोदरपणात किंवा अंगावर पाजताना आईने गाजराचा रस घेतला असेल, तर बाळ पुढे गाजराच्या चवीचे अन्न अधिक सहज स्वीकारते. हिंग-तुपाच्या वासाची ओळखही घासाच्या आधीच होत असणार, असे मानायला त्यामुळे जागा आहे. वासाची संवेदना मेंदूतल्या भावना आणि स्मृती यांच्या केंद्रांपर्यंत फार जवळच्या वाटेने पोचते, म्हणून कुकरचे झाकण उघडताच येणाऱ्या वाफेने घर आठवते.

पुढेही माणूस नाजूक अवस्थेत असला की हेच अन्न समोर येते. तापात, बाळंतपणानंतर, म्हातारपणी, परीक्षेच्या सकाळी पचायला हलके म्हणून वरणभात मिळतो, आणि ज्याने तो करून दिला त्याची माया त्याला चिकटते. मसाला नसल्याने घराची खूण लपत नाही. हिंग किती, गूळ आहे की नाही, वरण घट्ट की सरसरीत, जिरे आहे की नाही, एवढ्याशा फरकांवर माणूस आपल्या घरचे वरण ओळखतो. मुंबईच्या गिरणगावात घरदार गावी ठेवून आलेल्या हजारो कामगारांना खानावळवाल्या बायकांच्या डाळ-भाताने आधार दिला. त्या बायकांना सावकाराच्या पाशातून सोडवण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. परदेशी गेलेली मराठी मुले सामानात छोटा कुकर, हिंगाची डबी आणि तूप नेतात त्यामागची निकडही तीच असते.

देशातली तूर आज पुरत नाही. म्यानमार, मोझांबिक आणि टांझानियातून ती आयात होते. तिकडच्या तुरीचेही वरण मराठी घरात आपलेच होते, कारण तूर कुठल्या रानात पिकली यापेक्षा वरण कोणासाठी शिजवले यावर त्याची चव ठरते.